चार्टर शाळा स्पेशल नीड्सच्या मुलांना घेतच नाहीत? असं नाहीये

आमच्या बॉस्टनमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय, की चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावरच्या खाजगी शाळा, हुशार पोरं वेचून घेतात, गरीब आणि स्पेशल नीड्सच्या मुलांना दारातूनच परत पाठवतात आणि मग चांगल्या निकालाचा डंका पिटतात. माझा मुलगा आयईपीवर आहे (म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं हे शाळेने लिहून दिलेलं असतं) आणि तो चार्टरमध्येच शिकतो, त्यामुळे मला गप्प बसवत नाहीये.

खाजगी म्हणताय तर फी कुठे आहे? फी नाही, मुलांची मुलाखत नाही, अर्ज जास्त आले की लॉटरी. भारतातल्या नातेवाईकांना मी सांगते की आपल्या अनुदानित शाळेसारखं समजा, पैसा सरकारचा आणि चालवणारी संस्था वेगळी, फक्त इथे मुदतीत कबूल केलेलं काम दिसलं नाही तर परवानगीच काढून घेतात. आणि मिनेसोटाने 1991 मध्ये पहिला कायदा केल्यावर 1992 ला सेंट पॉलमध्ये जी पहिली चार्टर शाळा उघडली, सिटी अकॅडमी, ती शाळा सोडून दिलेल्या मुलांसाठी होती. हुशार पोरं वेचायला नव्हती उघडली.

आता दारातून परत पाठवण्याचं. अपंग मुलांच्या शिक्षणाचा फेडरल कायदा चार्टरलाही लागू आहे, अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सेंट पॉलची मेट्रो डेफ स्कूल, वॉशिंग्टनची सेंट कोलेटा, या चार्टर शाळा तर अशा मुलांसाठीच काढल्यात.

चार्टरमध्ये अपंग मुलं कमी असतात, हा मेसेजमधला आकडा मात्र खरा आहे. संसदेच्या ऑडिट ऑफिसने 2012 मध्ये सांगितलं होतं की 2009-10 ला चार्टरमध्ये अपंग मुलं 8.2 टक्के होती आणि बाकीच्या सरकारी शाळांत 11.2 टक्के. पण यावरून लगेच "हाकलतात" असं कसं काय म्हणता? न्यूयॉर्क आणि डेन्व्हरचा डेटा तपासला तेव्हा दिसलं की फरक किंडरगार्टनपासूनच सुरू होतो, कारण या मुलांचे पालक मुळात अर्जच कमी करतात, आणि पुढे चार्टर शाळा नवीन मुलांवर स्पेशल एज्युकेशनचा शिक्काही कमी मारतात. हे वाचलं तेव्हा मला माझंच आठवलं, मी किंडरगार्टनला अर्ज भरला नव्हता कारण डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे नेहमीच्या सरकारी) शाळेत स्पीच थेरपिस्ट आधीच ठरलेली होती आणि ते सगळं मोडून नवीन ठिकाणी जायची भीती वाटायची. मला कोणी परत पाठवलं नव्हतं, मीच गेले नाही.

निकाल वेचलेल्या मुलांमुळे लागतात, याचं उत्तर लॉटरीतच आहे. अर्ज दोघांनी केला, एकाचा नंबर लागला, एकाचा नाही, मग पालकांची धडपड तर दोघांकडे सारखीच ना. अर्थतज्ज्ञ एलिझाबेथ सेट्रेन यांनी बॉस्टनमध्ये नेमकी अशीच तुलना केली, तीही स्पेशल एज्युकेशनच्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांची, आणि नंबर लागलेली मुलं गणितात आणि इंग्रजीत स्पष्ट पुढे गेली. कित्येकांचा शिक्का प्रवेशाच्या वेळीच काढला होता, त्यांना सगळ्यांच्या वर्गात बसवलं होतं, तरीही.

पण बॉस्टन म्हणजे अख्खी अमेरिका नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या 2023 च्या देशभरच्या अभ्यासात चार्टरची मुलं एकूणात थोडी पुढे आहेत, पण स्पेशल एज्युकेशनची मुलं मागे आहेत, आणि ऑनलाइन चार्टर शाळांचं तर फारच वाईट आहे. ऑनलाइनवाल्यांची बाजू मी घेणार नाही.

मेसेजमध्ये खरं दुखणं कुठे आहे तर ते दारात नाही, आत आल्यानंतर आहे. न्यूयॉर्कच्या एका चार्टर शाळेत 16 मुलांची "यांना घालवायचंय" अशी यादी सापडली होती, 2015 ची गोष्ट. आमच्याही पहिल्या वर्षी शाळेचा दर आठवड्याला फोन, "आज जरा लवकर घेऊन जाल का", सस्पेन्शन म्हणायचं नाही, कागदावर काही नाही, आणि मी ऑफिस सोडून धावायचे. हे चूकच आहे आणि यावर राग यायलाच हवा. न्यू ऑर्लीन्समध्ये कॅटरिना वादळानंतर जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर होत गेल्या तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर चालू होतं, 2010 ला पालक फेडरल कोर्टात गेले. मग 2012 पासून प्रवेशाचा एकच सामायिक अर्ज आला, मुलाला काढायचं तर सुनावणी शाळेबाहेर, जास्त गरज असलेल्या मुलामागे जास्त पैसे, आणि कोर्टातल्या तडजोडीतून 2015 ला स्वतंत्र देखरेख. शाळा चार्टरच राहिल्या, नियम बदलले.

ज्यांना आत्ता असे फोन येतायत त्यांनी प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहा, आणि त्याच दिवशी ईमेल करून विचारा की हे सस्पेन्शन आहे का. असं सलग किंवा एकाच प्रकारच्या वागण्यावरून वरचेवर घरी पाठवून वर्षात दहा दिवसांच्या वर गेलं, की ते वागणं अपंगत्वामुळे आहे का हे ठरवायला शाळेला मीटिंग घ्यावीच लागते, चार्टर असो नाहीतर डिस्ट्रिक्ट. माझ्या तिसऱ्या ईमेलनंतर फोन थांबले, पोरगा आता तिसरीत आहे, त्याच शाळेत.