रॉक चालेल, पण स्टेज तव्यापासून लांब

वेसाव्याच्या (म्हणजे वर्सोव्याच्या) कोळी सीफूड महोत्सवात फक्त कोळीगीतंच हवीत, रॉक बँड नकोत, हा तुमच्या लेखाचा सूर काही पटला नाही. मुंबईला रॉक काय काल कळला? इंडिपेंडन्स रॉक हा इथला रॉक महोत्सव १९८६ पासूनचा. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह त्याच्या गर्दीने वर्षानुवर्षं भरायचं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले कार्यक्रम थांबले, ती गोष्ट वेगळी. आणि आपल्या कोळ्यांच्या हळदीत जो ब्रास बँड वाजतो, त्यातलं ट्रम्पेट कुठल्या बंदरातून आलं, हेही विचारायचं का मग?

माझी तक्रार आवाजाची आहे. स्टॉलवरची मावशी बोंबील दाबून पाणी काढते, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकते, आणि आपण "दोन प्लेट, एक तिखट कमी" ओरडतो तेवढ्यात ड्रमवाला सुरू होतो. ती कानाला हात लावते, आपण बोटं दाखवतो. शेवटी बोंबलांऐवजी हातात येतात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या! (चांगल्या होत्या, खाल्ल्या.) बिचारीला गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता येत नाहीत, धंदा कसा करायचा?

तेव्हा स्टेज मैदानाच्या एका टोकाला घ्या आणि स्पीकरची तोंडं स्टॉलकडे नकोत. रात्री दहाला बंद करावं लागतंच, मग साउंड चेक दुपारीच उरका की. आणि हो, एखाद्या बँडला गावातल्या पोरांच्या ढोलकीबरोबर बसवा. नुसतं आलटून पालटून स्टेजवर चढवू नका.