डोळे फिरवले म्हणून आघात पुसला जात नाही

रविवारी सकाळी मावसबहिणीचा फोन आला. "दादा, मी गोळ्या बंद केल्या." दीड वर्षापूर्वी वर्धा रोडवर एका ट्रकनं तिच्या स्कूटीला धडक दिली. तेव्हापासून उपचार चालू आहेत. मागून हॉर्न वाजला तरी तिचे हात थरथरतात. गोळ्या बंद केल्या त्या एका मेसेजवरून. "रोज २१ वेळा डोळे डावीकडून उजवीकडे फिरवा. सात दिवसांत कसाही आघात मेंदूतून पुसला जातो. औषध नको, डॉक्टर नको. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. हे आपलं प्राचीन त्राटकच!" त्याच दिवशी मला तो आणखी दोन ग्रुपवर दिसला.

सगळ्यात घातक वाक्य 'औषध नको, डॉक्टर नको'. नैराश्य आणि चिंतेवरच्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर येते, चिडचिड होते, झोप उडते. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करत आणतात. बहिणीला तिसऱ्याच दिवशी गरगरायला लागलं. मेसेज पाठवणाऱ्या काकूंना तिनं विचारलं, तर उत्तर आलं, "विष बाहेर पडतंय, चालू ठेव." काहून असं सांगता हो लोकांना? कुणाच्या जिवाशी आपण खेळतोय, याचा विचार नको?

आणि हे एकटीनं घरी करायचं म्हणे! डोळे हलवून आघातावर करतात त्या खऱ्या उपचाराला ईएमडीआर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी त्यावरचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे आठ टप्पे आहेत. पहिल्या दोन टप्प्यांत डोळे हलवून आठवणीला हात घालतच नाहीत. माणसाची सगळी हकिकत समजून घेतात, मन घाबरलं तर सावरायचं कसं ते शिकवतात. नंतर ती आठवण मुद्दाम वर काढतात आणि बैठक संपण्याआधी माणसाला शांत करून मगच घरी पाठवतात. माझ्या बहिणीनं रात्री दार लावून ट्रकचे दिवे डोळ्यांपुढे आणले. सावरायला शेजारी कुणी नव्हतं. पहाटेपर्यंत ती पलंगावर बसून होती.

'पुसला जातो' हेही खोटं. आठवण राहते, तिची धग कमी होते. आठवण मनात धरून त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटामागे नजर फिरवायची, तर लक्ष दोन कामांत वाटलं जातं आणि आठवण फिकी पडते, असं एक स्पष्टीकरण आहे. पण गुण नेमका डोळ्यांच्या हालचालीचा किती, यावर तज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत. काही थेरपिस्ट त्याऐवजी हातांवर आळीपाळीनं थोपटतात.

जागतिक आरोग्य संघटनेचं मात्र मान्य करावं लागेल. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिनं आघातानंतरच्या तणाव विकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, ईएमडीआरची शिफारस केली आहे. घडलेलं सगळं तपशिलात सांगावं लागत नाही, हाही त्याचा गुण. पण ती शिफारस प्रशिक्षित माणसानं द्यायच्या उपचाराची आहे, या मेसेजची नाही.

सात दिवसांचा हिशेब कुठून आला देव जाणे. एकेक बैठकच तास-दीड तासाची असते. त्राटकात तर नजर एका बिंदूवर स्थिर ठेवतात, म्हणजे नेमकं उलट.

मंगळवारी बहिणीला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ईएमडीआरचं प्रशिक्षण घेतलेलं नागपुरात कोण आहे, तेही त्यांनाच विचारलंय. काकूंना मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठवला आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकला, तिथे तिथे आता हा नंबर टाका, असं त्यांना सांगितलंय.