मिस्सेत कुत्रा शिरल्यास

वसईत रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात असाल, तर हा प्रसंग आज ना उद्या तुमच्यावर येणारच. तयारीत राहा.

कुत्रा मधल्या वाटेने येतो. बाजूच्या दारातून हळूच शिरायची रीत उशिरा येणाऱ्या माणसांची. तो आत आलाच कसा, हे मात्र विचारू नका. दारात उभ्या असलेल्या पुरुषमंडळींनी त्याला अदबीने वाट दिलेली असते. दार सोडून ही मंडळी आत सरकत नाहीत, कारण प्रवचन सुरू झालं की बाहेर पडणं सोपं जातं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, ती लोकांना कळावी म्हणून. कळते ना! नेमकं कधी सटकायचं, तेही कळतं.

कुत्रा मुहूर्त अचूक साधतो. फादर भाकर उंचावतात, सगळे गुडघ्यांवर, आणि तो बरोबर तुमच्या तोंडासमोर, त्याच उंचीवर. अशा वेळी डोळे गच्च मिटावेत. भक्तीही दिसते आणि हाकलायची जबाबदारीही टळते. 'हाड' ओठांवर आलंच तर गिळून टाका. तेवढ्या शांततेत ते थेट वेदीपर्यंत पोहोचतं.

तेवढ्यात वेदीवरचं पोर घंटी वाजवेल आणि कुत्रा गळा काढेल. डगमगू नका. वसईच्या चर्चांनी याहून मोठे व्यत्यय पाहिलेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा इथल्या घंटाच उतरवून देवळांना गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्यातली एक आजही आहे. तुमची घंटी निदान जागेवर तरी आहे.

कुत्रा तुमच्याच बाकापाशी थांबला, तर प्रकरण नाजूक. मिस्सेआधी बाजार उरकून बाकाखाली ठेवलेल्या पिशवीत सुके बोंबील असतील, तर पिशवी पायाने हळूच शेजारच्या बाकाकडे सरकवा. मग शेजाऱ्याकडे खेदाने पाहा. तो नवा भाडेकरू असेल तर उत्तमच. व्हिडिओ काढू नका, कोयरमधल्या, म्हणजे गायनवृंदातल्या, पोरी वरून काढतच असतात.

मिस्सा सुटल्यावर अंगणात थांबून पॅरिशला, म्हणजे आपल्या धर्मग्रामाला, शिस्त कशी उरली नाही, यावर बोला. गेटला जाळी बसवायची सूचना करा. वर्गणीचा विषय निघाला की घड्याळ पाहा. घरी आजी विचारेल, आज फादर प्रवचनात काय बोलले? सांगा, कुत्र्यामुळे काही ऐकूच आलं नाही.

कुत्रा आला तेव्हा प्रवचन संपून पाव तास झाला होता, हे फक्त फादरना ठाऊक असतं.