बाटलीवर बागेचे नाव का नसावे?

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या लेबलावर चष्मा लावूनच वाचता येतील अशी दोन बारीक अक्षरे छापलेली असतात. 'एनएम' असेल तर ती वाईन द्राक्षे विकत घेणाऱ्या व्यापारी पेढीची, 'सीएम' असेल तर सहकारी संस्थेची आणि 'आरएम' असेल तर ज्याची बाग त्यानेच ती बनवलेली. द्राक्ष कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न तिथे सुखासुखी सुटलेला नाही. व्यापारी दूरच्या प्रांतांतून स्वस्त माल आणून तो शॅम्पेन म्हणून खपवतात आणि आमच्या द्राक्षांचे भाव पाडतात, या संतापातून 1911 साली तिथल्या शेतकऱ्यांनी दंगल केली, आय नावाच्या गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या आणि शेवटी सरकारला सैन्य पाठवावे लागले. आज त्याच प्रांतातल्या लहान बागायतदारांच्या शॅम्पेनसाठी रसिक मोठ्या पेढ्यांना डावलून रांगा लावतात.

हे सगळे सांगण्याचे कारण नाशिक आहे. आपल्याकडची बाटली हातात घेतली, तर कंपनीचे नाव, द्राक्षाची जात, अल्कोहोलचे प्रमाण आणि सरकारी इशारा एवढे सगळे वाचायला मिळते. ते द्राक्ष कोणत्या गावच्या कोणत्या बागेतले, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच नसते. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि नाशिकच्याच सुला या वाईन कंपनीच्या 'दिंडोरी रिझर्व्ह' शिराझने एका तालुक्याचे नाव देशभरातल्या हॉटेलांत नेले, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण तालुक्याच्या पुढे गाव असते आणि गावाच्या पुढे गट नंबर. इगतपुरीच्या पावसाळी पट्ट्यातली बाग आणि निफाडची काळ्या जमिनीतली बाग यांच्या फळात जो फरक पडतो, तो जिच्यातून कळतो त्या वाईनच्या बाटलीवरच आपण त्याची नोंद ठेवत नाही.

वाईनच्या द्राक्षाची शेती ही खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळीच जोखीम आहे आणि ती फारशी कोणी समजून घेत नाही. दोन्हींची मशागत साधारण सारखी: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी, मधल्या काळात डावणी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने फवारण्या, आणि डिसेंबरात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत पेटवलेल्या शेकोट्या. फरक पडतो तो खुड्याच्या वेळी. थॉमसनच्या, म्हणजे खाण्याच्या द्राक्षाच्या, बागेचा व्यापारी ऐन वेळी फिरला (आणि तो फिरतो, हे द्राक्षपट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे), तर शेतकरी निदान माल स्थानिक बाजारात पाठवतो किंवा बेदाणा करतो. शिराझ किंवा कॅबर्ने या वाईनच्या जातींचे मणी बारीक, सालीला जाड आणि बियांचे. ते हातगाडीवर कोणी घेत नाही आणि त्यांचा बेदाणाही कोणी खात नाही. वायनरीने माल उचलला नाही, तर त्या बागेला दुसरे गिऱ्हाईकच नाही. शिवाय दर्जा हवा म्हणून एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवायचे, वेलीवरचे घड हाताने खुडून टाकायचे आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती भरते याकडे डोळे लावून बसायचे.

2008च्या मंदीनंतर हे किती महागात पडते ते जिल्ह्याने पाहिले. त्याआधीच्या वर्षांत, 2001च्या राज्य धोरणानंतर, विंचूरला वाईन पार्क उभे राहिले होते आणि वाईनच्या द्राक्षाला चांगले दिवस येणार या भरवशावर अनेकांनी लागवडी केल्या होत्या. मागणी बसली, टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि खरेदी थांबली. माझ्या मामांनी तेव्हा शिराझच्या वेली बुंध्यापासून कापून त्यांवर पुन्हा थॉमसनची कलमे बांधली; ज्यांच्याशी करार होता, त्यांचा माणूस फोनही उचलत नव्हता. ज्या वाईनमध्ये त्यांचे द्राक्ष गेले होते, तिच्या लेबलावर त्यांचे गाव असते तर हे टळले असते, असा भाबडा दावा मी करत नाही. पण ज्याचे नाव कुठेच नाही, त्याला बदलणे सगळ्यात सोपे असते.

म्हणून मला स्वतःच्या बागेवर उभ्या असलेल्या लहान वायनऱ्यांचे अप्रूप वाटते. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला 'रेवेलो'वाल्यांनी आपल्याच शेतात नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो या इटलीतल्या सिसिली बेटाच्या द्राक्षजाती लावून पाहिल्या. मोठ्या खपाचे गणित मांडणारा माणूस या वाटेला गेलाच नसता. इगतपुरीकडे मुकणे धरणाच्या बाजूला 'व्हॅलोने' आहे. गंगापूर धरणाजवळची 'यॉर्क' एका कुटुंबाने उभी केली, आणि 2021 साली ती सुलाने विकत घेतली. यात गैर काही नाही, परंतु लहान राहून टिकणे किती अवघड आहे ते त्यातून दिसते. वाईन दुसऱ्या राज्यात विकायची तर तिथे प्रत्येक लेबलाची वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क, वेगळा परवाना. लाखो बाटल्यांवर हा खर्च पसरला की जाणवत नाही. काही हजार बाटल्या काढणाऱ्याचे त्यात कंबरडे मोडते. त्यामुळे त्यांच्या वाईन पुण्या-मुंबईपलीकडे सहसा दिसत नाहीत आणि महागही पडतात.

जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा सरकार म्हणाले हे शेतकऱ्यासाठी आहे आणि विरोधक म्हणाले शेतकऱ्याच्या आडून दारू येते आहे. निर्णय बारगळला. दोन्ही बाजूंच्या तोंडी शेतकरी होता, पण वायनरीला द्राक्ष देणाऱ्या शेतकऱ्याचा करार कसा असतो, हे विचारायला कोणी बांधावर गेल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

माझी सूचना साधी आहे. वाईनवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के परत देण्याची योजना राज्याने राबवलेली आहे. तो परतावा देताना एकच अट घालावी: मागच्या लेबलावर द्राक्ष स्वतःच्या बागेतले की विकतचे, आणि कोणत्या गावचे, हे छापलेले असले पाहिजे. पन्नास शेतकऱ्यांचा माल एका टाकीत जातो, कोणाकोणाची नावे छापायची, असा आक्षेप येईल आणि तो रास्तही आहे. तशा कंपनीने 'खरेदी केलेल्या द्राक्षांपासून' एवढेच छापावे आणि खाली तालुके द्यावेत. त्यात कमीपणा कसला? शॅम्पेनमधल्या नावाजलेल्या पेढ्या शंभर देशांत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर 'एनएम' छापतातच की.