कापडी पिशवीला बदनाम करणारा मेसेज

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कापडी पिशवी हजारो वेळा वापरली तरच पर्यावरणाला परवडते, त्यापेक्षा प्लास्टिक बरं, सुटा किराणा भेसळीचा, पॅकबंद तेवढा शुद्ध, पाकिटं रिसायकल होतातच, आणि जाड कॅरीबॅग कायद्याला चालते. हे वाचून कुणी पिशवी घरी ठेवून बाजारात जाऊ नये, म्हणून लिहावंसं वाटलं.

हजारोंचा आकडा हवेतला नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात पर्यावरणाच्या सगळ्या बाबी धरून साध्या सुती पिशवीसाठी ७,१०० वेळा असं आहे. पण त्याच अभ्यासात नुसत्या हवामानबदलाचा हिशोब धरला तर आकडा ५२ येतो. आठवड्याला एक बाजार, म्हणजे वर्षभर. हे मेसेजमध्ये गाळलंय. शिवाय तो हिशोब नव्या कापसाच्या नव्या पिशवीचा, आणि उघड्यावर पडून गटारं तुंबवणारं प्लास्टिक त्यात धरलेलंच नाही. आपल्याकडे नवी पिशवी हवीच कशाला? जुनी चादर मधे विरते, कडेला धडच असते. तेवढ्यात दोन पिशव्या निघतात. पिशवीचे बंद वरच्या वर न टाचता थेट तळाखालून फिरवून शिवले की पाच किलो ज्वारी आरामात पेलते. जिथल्या चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, त्या गावाने कॅरीबॅग मागावी हे मला बघवत नाही. दुकानात मिळणारी रंगीत नॉन-वोव्हन पिशवी मात्र कापड समजून घेऊ नका, ती प्लास्टिकचीच असते.

भेसळीचं म्हणाल तर, पाकिटात भरण्याआधी काय मिसळलं हे पाकीट सांगत नाही. पोत्यातली मालदांडी ज्वारी ओंजळीत घेतली की कीड, खडा, जुना दाणा तिथंच कळतो. तयार पिठात काय बघणार? मिरची, हळकुंड अख्खं घ्या, कांडपावरून कुटून आणा. तेलाबाबत मेसेज बरोबर आहे, सुटं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. तिथं लिटरच्या पिशव्यांऐवजी १५ किलोचा डबा दोन घरांत मिळून घेता येतो.

दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, वेफर्सचं चकचकीत पाकीट घेत नाही. त्यातले प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा वेगळा करणं कुणालाच परवडत नाही.

राहिली जाड कॅरीबॅग. केंद्राच्या नियमात किमान १२० मायक्रॉन जाडीची मर्यादा आहे खरी, पण महाराष्ट्रात २०१८ पासून कॅरीबॅग कितीही जाड असली तरी बंदच आहे, आणि पहिल्याच वेळी दंड ५,००० रुपये.