निवेदन कापू नका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही, म्हणून लिहिते. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्हा जुन्या रेडिओ श्रोत्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे काल रात्री एका गृहस्थांनी 'आपली आवड' या फर्माईशी गाण्यांच्या कार्यक्रमाचं जुनं रेकॉर्डिंग टाकलं. त्यांच्या थोरल्या भावाने कॅसेटवर घेतलेलं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं. मी अधाशासारखं लगेच लावलं. एक गाणं झालं, लगेच दुसरं, मग तिसरं. मध्ये काही म्हणजे काही नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'गाण्यांमधली निवेदिकेची बडबड आणि खरखर मेहनतीने काढून टाकली आहे. आता निवांत ऐका.' त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग.

बडबड?

अहो, ती सहाही गाणी मला या मिनिटाला दहा ठिकाणी मिळतील, तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ मिळतील. जी 'बडबड' तुम्ही काढलीत ती मात्र त्या एका कॅसेटवरच होती. त्यात फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं होती. कुणीतरी पोस्टकार्डावर दाटीवाटीने स्वतःचं, बायकोचं, पोरांचं, शेजाऱ्यांचं नाव लिहिलं असेल, खाली गाव, तालुका. आठवडेच्या आठवडे वाट पाहिली असेल. आणि एके दिवशी निवेदिकेने ते नाव त्या गावासकट उच्चारलं असेल. घरात काय धावपळ झाली असेल! ते सगळं तुम्ही माऊसने निवडलंत आणि डिलीट केलंत.

मला एवढा राग का येतोय, ते मला नीट माहीत आहे. कारण हेच मी स्वतः केलं आहे.

१९८१ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांची. काकांनी परदेशातून एक कॅसेट रेकॉर्डर आणला होता, तो आप्पांनी चार दिवसांसाठी मागून आणला. आमचा रेडिओ वेगळा, लाकडी पेटीचा. एकातून दुसऱ्यात घ्यायला वायर नव्हती. मग काय, रेडिओसमोर स्टूल, स्टुलावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर रेकॉर्डर, आणि त्याचा इवलासा माईक रेडिओच्या जाळीकडे तोंड करून. त्या रात्री पुणे केंद्रावर नभोनाट्य होतं आणि आप्पांना ते हवं होतं. सुरुवात निसटू नये म्हणून त्यांनी लाल बटण आणि शेजारचं बटण दोन्ही एकदम पाच मिनिटं आधीच दाबून ठेवली.

त्या पाच मिनिटांत काय काय आलं सांगू? आधीच्या कार्यक्रमाचं शेवटचं पालुपद. मग थोडी शांतता. मग 'हे आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे', आणि वेळ. रेडिओने वेळ सांगितली की आप्पा भिंतीवरचं घड्याळ लावून चावी द्यायचे, हा त्यांचा नेम. म्हणून खुर्ची सरकवल्याचा आवाज, घड्याळाच्या काचेच्या दाराची कुरकुर, आणि मग चावी. कर्र, कर्र, कर्र. अकरा वेळा. मग आईचा आवाज, स्वयंपाकघराच्या दारातून, 'अहो, ते चालू आहे ना?' आणि आप्पांचा, अगदी माईकजवळ, 'चालू आहे म्हणूनच सांगतोय, बोलू नकोस.' लगेच नाटक सुरू.

आमच्या घरात ही कॅसेट शेकडो वेळा वाजली. नाटक आम्हाला पाठ होतंच, पण आईचा आणि आप्पांचा हा संवाद त्याहून पाठ होता. आम्ही भावंडं एकमेकांना अजूनही 'चालू आहे म्हणूनच सांगतोय' असं म्हणतो.

लोक म्हणतात, जुना रेडिओ म्हणजे जुनी गाणी. चूक आहे हो हे. गीतरामायणाचंच बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे केंद्र, आणि मग वर्षभर आठवड्याला एक गीत, एकूण ५६. प्रसारणात ती गीतं एकट्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, गायलेली नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लता मंगेशकर होत्या, आणखीही कितीतरी गायक. पुढे रेकॉर्ड निघाल्या त्या बाबूजींच्या आवाजात, आणि घराघरांत राहिल्या त्या रेकॉर्ड. अप्रतिमच आहेत, माझा त्याबद्दल काही वाद नाही. पण ज्यांचा जन्म नंतरचा, त्यांना वाटतं की १९५५ साली लोकांनी हेच ऐकलं. नाही ऐकलं. प्रसारण वेगळं होतं, ते जपायचं म्हणजे वेगळंच काहीतरी जपायचं असतं.

आणि निवेदकांचं काय? सुधा नरवणे आपल्याला बातम्या देत आहेत, एवढं वाक्य कानावर पडलं तर माझ्या वयाची माणसं आजही ताठ बसतील. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी, नुसतं म्हणून बघा. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी या तिघांनी आवाजाच्या बळावर एक आख्खं बिऱ्हाड उभं केलं होतं, लोकांना ते शेजारचं वाटायचं. हे सगळं 'बोलणं' होतं. बोलणं म्हणजे बडबड असेल तर मग रेडिओत उरतं काय?

बरं, मान्य करते. सगळंच काही सोनं नव्हतं. कंटाळवाणी भाषणंही तासन्‌तास ऐकली आहेत आम्ही.

आणि हेही मान्य, की वय झाल्यावर कानाला खरखर सहन होत नाही. ज्यांना ऐकायला त्रास होतो त्यांच्यासाठी साफ केलेली प्रत करा ना, जरूर करा. पण ती दुसरी प्रत. पहिली आहे तशी ठेवा. इतकी साधी गोष्ट आहे.

खरखरीबद्दलही बोलते, निघालाच आहे विषय तर. रात्रीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे एक बारीक शीळ येते बघा, कमीजास्त होणारी. ती बिघाड नसते. मध्यम लहरी दिवसा वातावरणातल्या एका थरात शोषल्या जातात. अंधार पडला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावर आपटून परत येतात आणि शेकडो मैल जातात. मग पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या आसपास लांबचं कुठलंतरी केंद्र येऊन धडकतं आणि शीळ वाजते. म्हणजे ती शीळ ऐकली की कळतं, हे रात्री घेतलंय, आणि केंद्रापासून दूर बसून घेतलंय. कॅसेटवर तारीख लिहिलेली नसली तरी शीळ एवढं सांगते. ती पुसली की तेही गेलं.

आप्पांच्या त्या कॅसेटवरही ती शीळ होती. चावीच्या कर्र-कर्रच्या मागे.

आता माझं पाप. २०१२ साली मी घरातल्या चौदा कॅसेटी सीडीवर करून घ्यायला एका दुकानात दिल्या. तोवर आप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती, आई वर्षभरापूर्वीच गेली होती. दुकानातला मुलगा चांगला होता, त्याने विचारलंसुद्धा, 'सुरुवातीचं बोलणं आणि खरखर काढू का? नाटक लगेच सुरू होईल.' मी घाईत होते, कुठल्यातरी कामाला निघाले होते. मी म्हणाले, 'हो, काढा.' दोन शब्द. त्या मुलाचा काही दोष नाही. पुढे घर बदलताना कॅसेटींचा खोका समोर आला. सीडी आहेतच की, म्हणून तो मीच टाकून दिला.

वर्षभराने केव्हातरी रात्री सीडी लावली. घड्याळ नाही. चावी नाही. आई नाही. त्या मुलाने कापताना हात जरा अलीकडे पडला असावा, म्हणून अगदी सुरुवातीला 'नकोस'मधला शेवटचा 'स' तेवढा राहिला आहे. स. आणि नाटक सुरू.

म्हणून मला स्वतःचाही संताप येतो. त्या गृहस्थांवर येतो तेवढाच.

कुणी म्हणेल, हे जपायचं काम आकाशवाणीचं, आपण कशाला? तिकडे संग्रहालय आहे, प्रसार भारती जुनं ध्वनिमुद्रण काढून लोकांपुढे ठेवतेही आहे, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण जगातल्या कुठल्याही रेडिओवाल्यांना सगळंच ठेवता आलेलं नाही. फीत महाग, जागा कमी. एकाच फितीवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं, आणि पुष्कळसं तर थेट हवेतच जायचं, फितीवर यायचंच नाही. फर्माईशींची नावं कोण जपणार? ती जर कुठे असतील तर आपल्या माळ्यावर आहेत. आपल्या वडिलांनी, मामांनी, आत्याने दोन बटणं दाबली म्हणून आहेत.

कायद्याचं म्हणाल तर प्रसारणाचा हक्क २५ वर्षांचा असतो, लेखकाचे, गायकाचे हक्क त्याहून वेगळे नि लांब. जाहीर टाकताना विचार करायलाच हवा. घरातली कॅसेट सडू द्यायला मात्र कुठला कायदा सांगत नाही.

आणि सडतात हो त्या. पावसाळ्यात कपाटात राहिल्या की फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट घाईघाईने वाजवू नका, डेकही खराब होतो नि फीतही ओरखडते. आधी जाणत्या माणसाला दाखवा. बरी असेल तर पहिलं काम, कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे दात असतात ते मोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. आवाज दबका, घोंगडी पांघरल्यासारखा आला तर लगेच कॅसेटला नावं ठेवू नका. पुष्कळदा डेकचं हेड, म्हणजे फितीवरून आवाज उचलणारा भाग, किंचित तिरकं असतं, त्याच्या बाजूचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला की निवेदकाचा 'श' आणि 'स' झळकन उजळतो. मी हे अलीकडे शिकले. शिकायला उशीर झाला.

आणि लेबलवर लिहा. नुसतं 'रेडिओ' लिहू नका. केंद्र कुठलं, साल कुठलं, कुणी घेतलं, कुठल्या खोलीत घेतलं. माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आज विचारा. उद्या नको, आज.

लिहिता लिहिता मघाशी उठून ती सीडी पुन्हा लावली. हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. एक गोष्ट मी आजवर फक्त भावाला सांगितली आहे, ती इथे लिहिते. कॅसेट वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. चुंबकाचं काम आहे ते, वेढे एकमेकांना चिकटून असतात ना. म्हणून मोठा आवाज येऊन गेला की दोन-तीन सेकंदांनी त्याचा अगदी पुसट पडसाद ऐकू येतो, मुळात तिथे नसलेला. नाटकाच्या पहिल्या वाक्याआधी थोडी शांतता आहे. त्या शांततेत, शीळेच्याही खाली, आप्पांचा आवाज आहे. शब्द लागत नाहीत. चढउतार लागतो. तो चढउतार मला पाठ आहे, त्यामुळे मला लागतो. आईचा नाही आला. ती दारात होती, माईकपासून लांब, तिचा आवाज फितीवर मुळातच हलका होता.

त्या मुलाने खरखर पूर्ण साफ केली असती तर हेही गेलं असतं.

सकाळचा राग आता उतरलाय. त्या गृहस्थांना मी ग्रुपवर जरा तिखटच बोलले, तसं चारचौघांत बोलायला नको होतं. त्यांनी किती रात्री बसून ते कापलं असेल, प्रेमानेच कापलं असेल. दुपारी वेगळा मेसेज करून माफी मागितली आहे. त्यात एवढंच विचारलं आहे, की मूळ कॅसेट अजून आहे का. निळ्या खुणा झाल्या आहेत, उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्हीही जर हे वाचत असाल, दादा, तर कॅसेट टाकू नका. माझ्याकडे डेक आहे, चालू आहे, हेड मी स्वतः नीट लावलं आहे. मी घ्यायला येईन. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, जशी आहे तशी उतरवून देईन, आणि कॅसेट तुमची तुम्हाला परत. तुमच्या भावाने रेकॉर्डर रेडिओसमोर ठेवला होता की वायर होती, तेवढं फक्त कळवा.