बाल्टिमोरचा पूल आणि कृष्णवर्णीय आर्किटेक्ट : एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मराठी संदेश फिरतो आहे. अमेरिकेत आता म्हणे आर्किटेक्टचा परवाना कातडीचा रंग पाहून दिला जातो, त्यासाठी परीक्षा सोपी केली, आणि याच धोरणापायी बाल्टिमोरचा पूल कोसळला. पुढे असेही म्हटले आहे की कृष्णवर्णीयांना या व्यवसायात मुळात गतीही नाही आणि रसही नाही, भारतीय मात्र कोणतीही सवलत न घेता तिथे वर आले. आमच्या घरच्या ग्रुपवर हा संदेश एका ज्येष्ठ काकांनी टाकला आणि खाली माझ्या भाचीला उद्देशून लिहिले, ‘बघ, तुझी जागा कोण घेतंय ते.’ भाची शिकागोत एका आर्किटेक्टकडे उमेदवारी करते आणि परवान्याच्या परीक्षांची तयारी करते. ग्रुपवर ती गप्प राहिली. मला मात्र तिने विचारले, ‘मामा, यात कितपत तथ्य आहे?’ तिच्या शेजारी काम करणारी कृष्णवर्णीय मुलगी लायकीवाचून तिथे पोहोचली असा संशय तिच्या मनात पेरला जावा, हे मला सहन होण्यासारखे नाही, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

पुलापासूनच सुरुवात करतो, कारण संदेशातला सर्वांत बेजबाबदार भाग तोच आहे. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ नावाचे, जवळपास ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज वीजपुरवठा बंद पडल्याने भरकटले आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. हा पूल १९७७ मध्ये वाहतुकीला खुला झाला होता; म्हणजे संदेश ‘आताच्या’ ज्या धोरणावर दोष ठेवतो, त्याच्या कितीतरी आधीपासून तो उभा होता. शिवाय अशा पुलाचे संकल्पन स्थापत्य अभियंते करतात. आर्किटेक्टच्या परवान्याशी त्याचा संबंध येत नाही. त्या रात्री पुलावर खड्डे बुजवण्याचे काम करणारे सहा मजूर मरण पावले, आणि ते लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले स्थलांतरित होते. त्यांच्या मरणाचा उपयोग अल्पसंख्याकांना नालायक ठरवण्यासाठी करावा, याची चीड येते.

आता परवान्याकडे वळू. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते आणि या मंडळांची मिळून ‘एनकार्ब’ नावाची राष्ट्रीय संस्था आहे. सर्वसाधारण मार्ग असा, की मान्यताप्राप्त पदवी घ्यायची, ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव पूर्ण करायचा आणि सहा भागांची परीक्षा उत्तीर्ण व्हायची. यात वंशानुसार राखीव जागा नाहीत, कोणाला वाढीव गुण नाहीत. विद्यापीठांच्या प्रवेशातील वांशिक कोटा तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच अवैध ठरवला आणि प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची उरलीसुरली मुभाही जून २०२३ मध्ये काढून घेतली. एनकार्बच्याच आकडेवारीत कृष्णवर्णीय परीक्षार्थींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण गोऱ्या परीक्षार्थींपेक्षा कमी दिसते. रंग पाहून परवाने वाटले जात असते, तर हे चित्र असे दिसले असते का?

‘परीक्षा सोपी केली’ या विधानामागे एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पूर्वी एक भाग उत्तीर्ण झाल्यावर उरलेले भाग पाच वर्षांत संपवावे लागत. नाही जमले, तर आधीचे यश बाद होई. ही अट २०२३ मध्ये रद्द झाली, आणि तिचा फटका स्त्रियांना, विशेषतः लहान मुलांच्या आयांना, आणि गोरेतर परीक्षार्थींना अधिक बसतो हे कारण एनकार्बने उघडपणे दिले. मात्र अट सर्वांसाठी रद्द झाली, माझ्या भाचीसाठीसुद्धा. उत्तीर्ण होण्याची पातळी त्यामुळे खाली आलेली नाही. प्रत्येक भागाचे शुल्क दोनशे डॉलरहून अधिक आहे, आणि नापास झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. ज्याच्या घरातून किंवा कार्यालयातून हा खर्च उचलला जात नाही, त्याची वर्षे वाया जातात. यात बुद्धीचा प्रश्न येतोच कुठे?

आणखी एक कबुली द्यायला हवी. काही शहरांच्या आणि राज्यांच्या सरकारी कामांत अल्पसंख्याकांच्या मालकीच्या कंपन्यांना ठरावीक वाटा देण्याचे उद्दिष्ट असते, आणि कधी कधी मोठी कंपनी छोट्या कंपनीचे नाव केवळ कागदावर लावते. हा गैरप्रकार आहेच. पण तिथला परवानाधारक आर्किटेक्ट तरीही वरच्या सर्व पायऱ्या चढूनच आलेला असतो.

गती आणि रस नसल्याचा आरोप इतिहास ठाऊक नसल्यामुळे होतो. लॉस एंजेलिसचे पॉल विल्यम्स १९२३ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. शेजारी बसायला गोऱ्या ग्राहकाला संकोच वाटू नये म्हणून ते टेबलापलीकडे बसत आणि कागदावर उलट बाजूने असे रेखाटन करत, की समोरच्याला ते सुलट दिसावे. ज्यांनी हातात पेन्सिल धरून आराखडे काढले आहेत, त्यांना या कौशल्याची किंमत कळेल, आणि ते शिकावे लागण्यातला अपमानही. ज्या वस्त्यांत त्यांनी घरे बांधली, त्यांतल्या काहींत कृष्णवर्णीयांना घर घेण्यास करारानेच बंदी होती. संस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी.

ज्युलियन एबल यांचे उदाहरण याहून बोलके आहे. फिलाडेल्फियातील होरेस ट्रम्बावर यांच्या कार्यालयाचे हे प्रमुख संकल्पक. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाचा परिसर त्यांनी आखला. त्याच विद्यापीठात पदवीपूर्व वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिला प्रवेश मिळाला १९६३ मध्ये. एबल १९५० मध्येच वारले होते. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांनी परिसरात झोपड्या उभारल्या, तेव्हा ‘सुंदर परिसर विद्रूप झाला’ अशी तक्रार एका विद्यार्थ्याने केली. त्यावर एबल यांच्या नात्यातील एका विद्यार्थिनीने पत्र लिहून हा परिसर कोणी आखला ते सांगितले, आणि तेव्हा कुठे ही गोष्ट सर्वदूर पोहोचली. कृष्णवर्णीय आर्किटेक्ट नॉर्मा स्क्लारेक यांना १९५४ मध्ये न्यूयॉर्कचा परवाना मिळाला, तोही पहिल्याच प्रयत्नात. त्याआधी १९ कार्यालयांनी त्यांना नोकरी नाकारली होती.

१९६८ मध्ये नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय नेते व्हिटनी यंग यांनी आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय अधिवेशनात व्यासपीठावरून या व्यवसायाला नागरी हक्कांबाबतच्या त्याच्या मौनाबद्दल सुनावले. आजही अमेरिकेतील परवानाधारक आर्किटेक्टांत कृष्णवर्णीय जेमतेम दोन टक्के आहेत. लोकसंख्येत ते सुमारे तेरा टक्के आहेत. ज्यांनी जागा बळकावल्याची ओरड चालली आहे, त्यांचे हे प्रमाण आहे.

‘इमारतीला जात नसते, मग ती कोणी आखली याने काय फरक पडतो?’ असाही एक सवाल संदेशात आहे. डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम नावाची कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती होती. नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली ती पाडली गेली. त्या जमिनीवर एक महामार्ग गेला आणि प्रख्यात आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोहे यांनी संकल्पित केलेली लाफायेट पार्क ही निवासी वसाहत उभी राहिली. आम्ही आर्किटेक्चर शिकत असताना लाफायेट पार्कची छायाचित्रे कौतुकाने पाहिली, पण तिथून कोण उठवले गेले, हे वर्गात कधी ऐकले नाही. त्याच डेट्रॉइटमध्ये १९७१ साली बारा कृष्णवर्णीय आर्किटेक्टांनी ‘नोमा’ ही आपली संघटना स्थापली. तिच्या उन्हाळी शिबिरांत शाळकरी मुलांना हा व्यवसाय दाखवला जातो. परवान्याची खैरात तिने कधी मागितलेली नाही.

राहता राहिले ‘आपण भारतीय सवलतीविना वर आलो’ हे वाक्य. पॉल विल्यम्स संस्थेचे सदस्य झाले त्याच १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, सबब नागरिकत्वास अपात्र, असा निकाल दिला. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरते. ते खऱ्या अर्थाने उघडले १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने, आणि तो कायदा होण्यासाठी जी हवा लागली, ती कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केली होती. माझी भाची शिकागोत ज्या रांगेत उभी आहे, ती रांग भारतीयांसाठी खुली होण्यामागे त्यांचा तुरुंगवास आणि त्यांनी खाल्लेला मारही आहे. काकांनी हा संदेश ग्रुपवरून काढून टाकावा, एवढी माझी विनंती आहे.